ताश्कंदचा लंबूटांग

ताश्कंद म्हटलं की आपल्याला आठवतो तो जानेवारी १९६६चा करार आणि लगोलग झालेलं लालबहादूर शास्त्रींचं निधन. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणही तेव्हा तिथेच होते. त्यानंतर जेमतेम साडेतीन महिन्यांनी, २६ एप्रिलच्या पहाटे, हे शहर भूकंपानं हादरलं. रिश्टर मापावर आकडा पाचच्या आसपासचाच, पण केंद्र थेट शहराच्या पोटात. सुमारे तीन लाख लोक बेघर झाले.

अशा जमिनीवर पुढे ३७५ मीटरचा टीव्ही टॉवर उभारायचं ठरलं! १९७८मध्ये काम सुरू झालं आणि १५ जानेवारी १९८५ला टॉवर कामाला लागला. भूकंपाची धास्ती होतीच, म्हणून मधल्या पोलादी खांबाला तीन बाजूंनी तीन तिरके पाय दिले. लांबून पाहिलं तर उड्डाणाच्या तयारीतलं रॉकेटच.

३७५ मीटर म्हणजे किती? वरळीचा दूरदर्शनचा मनोरा ३०० मीटरचा. त्याच्या डोक्यावर अख्खा कुतुबमिनार ठेवला, तरी ताश्कंदवाला दोन-अडीच मीटरनं सरसच.

शेजारच्या कझाकस्तानात अल्माटीचा टॉवर आहे ३७१.५ मीटरचा, म्हणजे साडेतीन मीटरनं हुकला. पण तो बसलाय कोक-तोबे टेकडीच्या अंगावर, समुद्रसपाटीपासून हजारेक मीटरवर. आता उंची टाचेपासून मोजायची की समुद्रापासून, हा वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. शिवाय या दोघांचंही नाक कापलंय एका धुराड्यानं! कझाकस्तानातल्याच एकिबास्तुझच्या कोळशावरच्या वीजकेंद्राची चिमणी आहे ४१९.७ मीटर. जगातली सगळ्यात उंच चिमणी ती हीच.

ताश्कंदच्या टॉवरवर जायचं तर पासपोर्ट खिशात हवा. तळमजल्यावर जगातल्या नामांकित मनोऱ्यांच्या प्रतिकृती मांडल्यात. यजमान किती मोठा, ते पाहुण्यांना आधीच कळावं! गंमत पुढे आहे. पर्यटकांचा सज्जा आहे शंभरेक मीटरवर, म्हणजे जेमतेम पाव उंचीवर. बाकीचा बराचसा टॉवर अँटेनांचा आणि यंत्रांचा, तिथे आपलं काय काम? सज्जाच्या वर गोल फिरणारं रेस्टॉरंट आहे. बसल्या जागी शहर दिसतं, हौस म्हणून ठीक.

पण पोटाचं विचाराल तर खाली उतरा. टॉवरपासून जवळच ताश्कंदचं प्रसिद्ध पलोव केंद्र आहे. मोकळ्यावर रचलेल्या चुलींवर माणूस आत बसेल एवढाल्या कढया, त्यात तांदूळ, मांस आणि पिवळ्या गाजरांचे लांब काप. वर लावाची अंडी आणि घोड्याच्या मांसाच्या सॉसेजच्या चकत्या. नको असतील तर आधीच सांगावं. पलोव हे तिकडे दुपारचं जेवण. टॉवर संध्याकाळीही बघता येतो. इथे मात्र भर दुपारी पोहोचा, नाहीतर कढईच्या तळाशी उलथनं खरवडल्याचा आवाज तेवढा ऐकावा लागेल.