आकाशगंगेतली काजळी

आकाशगंगेच्या पट्ट्याला हंसापासून धनू राशीपर्यंत काळी चीर गेलेली आहे. नवरात्रात पाऊस उघडलेला असला, तर अंबडच्या शिवारातून, गावातल्या दिव्यांपासून लांब गेल्यावर ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. अशा काळ्या जागा विल्यम हर्शेल यांना आकाशाला पडलेली भोके वाटली होती. रॉबर्ट ट्रम्पलर यांनी १९३० साली तारकागुच्छांची अंतरे तपासली, तेव्हा मधली धूळ प्रकाश अडवते हे पक्के झाले. तिचे कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे. ताऱ्यांमधल्या द्रव्यात वजनाने तिचा वाटा जेमतेम एक टक्का.

यातली बरीच धूळ सूर्यासारख्या ताऱ्यांच्या म्हातारपणी तयार होते. आणखी सुमारे पाच अब्ज वर्षांनी सूर्याच्या गाभ्यातला हायड्रोजन संपेल आणि तो फुगून तांबडा राक्षसी तारा होईल. अशा ताऱ्याचे बाहेरचे थर इतके सैल असतात, की ते सुटून वाहू लागतात. दूर गेलेला वायू हजारेक अंशांपर्यंत निवला, की त्यात कण धरतात. ऑक्सिजन जास्त असेल तर सिलिकेटचे. कार्बन जास्त असेल तर, कंदिलाची वात फार वर केल्यावर काचेवर धरते, तशी काजळी. जवळजवळ निम्मे वस्तुमान उधळून झाल्यावर मागे पृथ्वीएवढा श्वेत बटू उरतो. उधळलेल्या द्रव्यातून पुढे नवे तारे, नवे ग्रह घडतात. ऑस्ट्रेलियात मर्चिसन इथे १९६९ साली पडलेल्या अशनीत सिलिकॉन कार्बाइडचे असे कण सापडले आहेत, आणि ते सूर्याहून जुने आहेत.

काजळीची कल्पना १९६२ साली फ्रेड हॉइल आणि त्यांचे विद्यार्थी चंद्रा विक्रमसिंघे यांनी मांडली. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकरही त्याच काळात केंब्रिजला हॉइल यांच्या हाताखाली संशोधन करत होते. नारळीकर म्हटले की आरंभ नसलेले विश्व आठवते. त्या विश्वात धुळीवर केवढा भार होता, हे क्वचितच सांगितले जाते. १९६५ साली सापडलेले सूक्ष्मलहरींचे प्रारण बहुतेकांनी महास्फोटाची खूण मानले. नारळीकरांच्या मते तो ताऱ्यांचाच प्रकाश होता, लोखंडाच्या मिलिमीटरभर लांब, अतिसूक्ष्म जाडीच्या सुयांनी शोषून पुन्हा सोडलेला. हे फारसे कुणाला पटले नाही, आणि निरीक्षणे पाहता तो निकाल रास्तच. पण धुळीकडे काणाडोळा महागात पडतो, हे विरुद्ध बाजूलाही अनुभवावे लागले. दक्षिण ध्रुवावरच्या ‘बायसेप-२’ दुर्बिणीला त्याच प्रारणात विश्वारंभीच्या गुरुत्वलहरींची खूण सापडल्याची बातमी मार्च २०१४मध्ये जगभर गाजली. प्लांक उपग्रहाच्या मोजमापांशी ताडून पाहिल्यावर, जानेवारी २०१५मध्ये, त्या खुणेतला मोठा भाग धुळीचा निघाला.