भरपाईच्या आधीची मदत

महाराष्ट्रात 2006 साली 103 वाघ होते. 2022च्या गणनेत ते 444 झाले. या वाढीत चंद्रपूर जिल्ह्याचा वाटा मोठा आहे आणि तिची किंमतही ताडोबा व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या आणि ब्रह्मपुरीकडच्या गावांनीच मोजली आहे. 2025च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिलांचा एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात जीव गेला. अशा मृत्यूनंतर वारसांना मिळणारी मदत राज्याने 2023 मध्ये 25 लाखांवर नेली. ती हवीच होती. पण मदतीचा मुख्य जोर माणूस गेल्यावर लागतो. त्याला पहाटे जंगलात नेणारी गरज मात्र तशीच राहते. माझ्या मते धोरणाचे खरे दुखणे इथे आहे.

ही गरज हंगामाने बांधलेली आहे. मोहफूल पहाटे गळते आणि जनावरांनी खाण्याआधी वेचावे लागते. तेंदूची तोडणी मेमध्ये थोडेच दिवस चालते आणि मजुरी पुड्यांवर मिळते. म्हणून जो लवकर निघतो, आत जातो, त्याच्या हाती जास्त पैसे येतात. त्याच वेळी वाघही फिरता असतो आणि झुडपांत वाकलेला माणूस त्याला माणसासारखा दिसेलच असे नाही. धानाच्या एका पिकावर जगणाऱ्या घरात खरिपाचे बियाणे-खत याच पैशातून येते. तिथे ‘जंगलात जाऊ नका’ हा फलक कुणाला अडवणार? सरपणासाठी जंगलात जावे लागू नये म्हणून 2015च्या जन-वन विकास योजनेत गॅसजोडणीला 75 टक्के अनुदान दिले गेले, त्यामागचा विचार योग्यच होता. पण सिलिंडर पुन्हा भरायला पैसे नसले की बाई सरपणाची मोळी आणायला निघतेच. म्हणून पहिली मदत रोजीची हवी: वाघाचा वावर दिसला की तोडणी थांबवावी आणि बुडालेल्या दिवसांची मजुरी द्यावी. सफारीच्या शुल्कातून ताडोबाच्या व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाकडे पैसा येतो. त्यातला ठरावीक हिस्सा यासाठी ग्रामसभांच्या हाती हक्काने जावा.

गावेच हलवा, असे काहीजण सुचवतात. ताडोबाच्या गाभा क्षेत्रातून बोटेझरी, जामणीसारखी गावे हललीही आहेत. परंतु कायद्यानेच गाभ्याभोवतीचे बफर क्षेत्र हे माणूस आणि वन्यजीव यांच्या सहजीवनासाठी ठेवले आहे आणि ब्रह्मपुरीचे वाघ तर व्याघ्र प्रकल्पाबाहेरच राहतात. तिथून किती गावे उठवणार आणि कुठे नेणार? गावांच्या हाती हक्क दिले तर जंगल संपेल, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्याला याच जिल्ह्यातले, गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव उत्तर देते. 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेने बांबूची विक्री स्वतःच्या हाती घेतली आणि तेंदूपत्ता तोडणे बंद केले, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात, आगी लावल्या जातात. बांबूने रोजगार दिला, म्हणून तेंदूला नाही म्हणणे या गावाला परवडले. प्रत्येक गावाकडे इतका बांबू नसेल. पण ताडोबाच्या वेशीवरच्या गावांजवळ पर्यटनाचा पैसा आहे आणि तो कशावर खर्चायचा, हे ठरवण्याचा अधिकार त्यांना अजून मिळायचा आहे.