अंतराळात शब्बाथ कधी पाळायचा?

कल्पना चावला यांच्यासोबत ‘कोलंबिया’ यानात इस्राएलचे पहिले अंतराळवीर इलान रामोनही होते, हे किती जणांना ठाऊक आहे? हवाई दलातले पायलट, घरी पत्नी रोना आणि चार मुलं. स्वतः फारसे धार्मिक नव्हते, पण आई आउशविट्झच्या नाझी छळछावणीतून वाचलेली. आपण साऱ्या ज्यूंचे प्रतिनिधी आहोत या भावनेने त्यांनी यानात कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसार केलेलं, जेवण मागून घेतलं.

खरी गंमत शब्बाथची, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या पवित्र विश्रांती-दिवसाची! तो सुरू होतो शुक्रवारच्या सूर्यास्ताला, आणि कक्षेत तर दर ९० मिनिटांनी सूर्य मावळतो. धर्मगुरूंनी तोडगा सुचवला: पृथ्वीवरचं घड्याळ धरा.

सोबत त्यांनी बर्गन-बेल्सन छावणीतून वाचलेली तोरा या ज्यू धर्मग्रंथाची चिमुकली गुंडाळी नेली होती. शिवाय, आउशविट्झमध्ये मारल्या गेलेल्या पेत्र गिन्झ या मुलाच्या पेन्सिल-चित्राची प्रतही. चित्रात काय? चंद्रावरून दिसणारी पृथ्वी!

१ फेब्रुवारी २००३ ला परतीच्या वाटेवर यान तुटलं, सातही जण गेले. पुढे टेक्सासमध्ये रामोन यांच्या डायरीची काही पानं सापडली. एकावर त्यांनी शब्बाथची प्रार्थना हाताने उतरवून घेतली होती. २००८ मध्ये ही पानं जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये प्रदर्शनात मांडली गेली.