प्रयोगाआधीचे आठ प्रश्न

अमेरिकी हवाई दलाची संशोधन प्रयोगशाळा (एएफआरएल) १९९७ मध्ये स्थापन झाली. मुख्यालय ओहायोतील डेटनजवळच्या राइट-पॅटरसन तळावर. संशोधन कोवळे असतानाच त्याला प्रणाली अभियांत्रिकीची शिस्त लागावी, म्हणून तिथे आठ प्रश्नांची पद्धत घालून दिली गेली. हे तंत्रज्ञान कोणासाठी? त्याची नेमकी गरज काय? ती भागली हे सिद्ध कसे करणार? पुढे येतात पर्याय, त्यांतला उत्तम मार्ग, जोखमी, कामाची आखणी आणि शेवटी वापरणाऱ्याच्या हाती तंत्रज्ञान सोपवण्याची योजना.

यातला तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. कसोटी आधीच ठरली, की हाती येईल त्या निकालाला यश म्हणण्याची सोय उरत नाही.

तंत्रज्ञान किती पिकले हे मोजण्याची पट्टी मात्र अवकाश संशोधनातून आली. नासात १९७०च्या दशकात जन्मलेली ही सज्जता-श्रेणी पुढे नऊ पायऱ्यांची झाली : पहिलीवर मूलतत्त्व, सहावीवर वास्तवाशी मिळत्याजुळत्या परिस्थितीत चाललेला नमुना, नववीवर प्रत्यक्ष मोहिमेत सिद्ध झालेली प्रणाली. नवे तंत्रज्ञान किमान सातवी पायरी गाठल्यावरच शस्त्रप्रणालीच्या विकासात घ्यावे, असे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९९ मध्ये सुचवले.

निव्वळ मूलभूत संशोधनावर हा कागदी भार टाकू नये. तिथे फसण्याची मुभा हवीच. पण नमुना बांधायला पैसे मागणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाने निदान पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी द्यावीत.