बकरीच्या पायांची आई

क्लोदिओँ या नावाने ओळखला जाणारा क्लोद मिशेल हा फ्रेंच शिल्पकार (१७३८–१८१४) भाजलेल्या मातीच्या लहान मूर्तींसाठी प्रसिद्ध होता. त्याच्या मूर्तींवरून पुढे एकोणिसाव्या शतकात ब्राँझची असंख्य छोटी शिल्पे ओतली गेली. त्यांतच एक आई आहे. कमरेच्या वर ती देखणी तरुणी, तर खाली केसाळ मांड्या आणि दुभंगलेले खूर. अंगाखांद्यावर तिची पिल्ले, तिच्यासारखेच खूर असलेली. ग्रीक पुराणातले सॅटर म्हणजे मद्य आणि वासना यांचे प्रतीक, आणि ते बहुतेक पुरुषच. त्यांच्या जातीची ही आई पाहताना माझे मत असे होते की, शिल्पकाराने वासनेचे हे प्रतीक वात्सल्याकडे वळवले आहे.

ही कल्पना त्याची एकट्याची नव्हे. झ्यूक्सिस या ग्रीक चित्रकाराच्या एका चित्राचे वर्णन प्राचीन लेखक लूशियनने करून ठेवले आहे. त्यात अर्धी स्त्री, अर्धी घोडी अशी आई एका पिल्लाला माणसासारखे छातीशी धरते आणि दुसऱ्याला घोडीसारखे पाजते. जर्मन चित्रकार ड्यूररनेही १५०५ मध्ये सॅटरचे कुटुंब कोरले. पण क्लोदिओँच्या पॅरिसमध्ये या विषयाला वेगळीच धार आली होती. १७८० च्या सुमारास तिथल्या पोलिसप्रमुखाने नोंदवले की, वर्षाला जन्मणाऱ्या सुमारे २१,००० बाळांपैकी जेमतेम हजारांना सख्खी आई पाजते. बाकी बहुतेक बाळे दाईकडे, तीही बऱ्याचदा दूर खेड्यात, धाडली जात. विचारवंत रूसोने १७६२ च्या ‘एमिल’ या ग्रंथात आयांनी स्वतः मुलांना पाजावे असे कळकळीने सांगितले होते. अशा शहरात पिल्लांना अंगाशी घेणारी रानटी आई श्रीमंतांच्या दिवाणखान्यात पोहोचावी, हे मला नुसत्या योगायोगाचे वाटत नाही.

कुणी म्हणेल, ही शृंगारिक शोभेची वस्तू आहे, तिच्यात एवढा अर्थ कशाला शोधायचा? शृंगार आहेच, गिऱ्हाईकही त्यासाठीच पैसे मोजत असे. पण तिचे हात पाहा. ते मुलांना सावरण्यात गुंतले आहेत, प्रियकरासाठी मोकळे नाहीत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हे ब्राँझ क्लोदिओँच्या मृत्यूनंतरचे, मग त्याचे कसे म्हणायचे? मातीवरचा बोटांचा ताजेपणा ओतकामात हरवतो, हे खरेच. १८३६ मध्ये आशिल कोला याने शिल्पाची हवी तेवढी लहान प्रत काढणारे यंत्र बनवल्यावर तर अशा प्रतींचा बाजारच उभा राहिला. तरी रचना क्लोदिओँचीच राहते, आणि ब्राँझ तिला एक सोय देते. मातीच्या मूर्तीला बुंध्याचा आधार लागतो. धातूची पोकळ मूर्ती मात्र दोन बारीक खुरांवरही तोल सांभाळू शकते. ओतल्यानंतर कारागीर छिन्नीने बारकावे उठवतो, आणि प्रतीचा कस तिथेच लागतो. हलक्या प्रतीत मुलाची बोटे आईच्या खांद्यावर नुसती चिकटवल्यासारखी दिसतात. चांगल्या प्रतीत ती तिच्या मांसात किंचित रुतलेली असतात.