कॉम्प्रेसर खरेच जळाला काय?

एसी थंड करीत नाही म्हटले की मिस्त्री ‘कॉम्प्रेसर जळाला’ सांगून मोकळा होतो. आम्ही कापड मोजल्याशिवाय घेत नाही. बांधवांनी इथेही मीटर लावायला सांगावे. मेन बंद करून, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरवून जाणकारानेच तारा सोडवाव्यात. इन्व्हर्टर नसलेल्या कॉम्प्रेसरला सी, एस, आर असे तीन पॉइंट असतात. समजा सी-आर २ ओहम, सी-एस ४, तर एस-आर ६ भरले पाहिजेत. सीच्या दोन्ही जोड्या मुक्या, पण एस-आर रीडिंग देते, तर आतला ओव्हरलोड गरमीने उघडला असेल. थंड होऊ द्यावा. पॉइंट आणि तांब्याची नळी यांत रीडिंग आले तर मात्र वाइंडिंग बॉडीला लागले, बदलण्यावाचून इलाज नाही. सगळे ठीक निघाले तर आधी कपॅसिटर तपासावा. तो स्वस्तात येतो.