एका सेंटचा चित्रताव

एकोणिसाव्या शतकात हॉलंडमधल्या पोराच्या हाती एक सेंट आला, की त्याचा खाऊ व्हायचा किंवा चित्रांचा अख्खा ताव यायचा. कागद स्वस्तातला, एकाच अंगाने छापलेला. वर ठसठशीत मथळा, खाली ओळीने मांडलेल्या चौकटी आणि बहुतेकदा प्रत्येक चौकटीखाली यमक जुळवलेल्या दोन ओळी. तिथे याला ‘सेंट्सप्रेंट’ म्हणत. असे ताव सतराव्या शतकापासून निघत होते. पुस्तकं न परवडणाऱ्या घरांत पोरांची चित्रांशी गाठ पडायची ती यांच्यामुळेच.

ताव मुलांसाठी खरे, पण त्यांवर काय असावं हे पुष्कळदा लाकडाचा ठसाच ठरवी. ठसा कोरणं खर्चाचं काम, त्यामुळे कोरलेला ठसा कोणी फेकत नसे. छापखाना विकला गेला की ठसेही नव्या मालकाकडे जात आणि पुन्हा शाई पीत. आजोबांनी पाहिलेलं चित्र नातवालाही मिळे, जुन्या तऱ्हेच्या टोप्या आणि कोटांसकट. रंगकाम तर घाईचंच: लाल, पिवळ्याचे दोनचार फटकारे, रेषेच्या आत राहिले तर राहिले. मला या धसमुसळेपणातच तावांची खरी गंमत वाटते.

विषयही बालबोध नव्हते. ‘यान द वासर’ या तावात नवरा धुणी धुतो, पोर सांभाळतो आणि बायको ग्रीट हुकूम सोडते. ‘उलटी दुनिया’मध्ये बैल खाटकाला कापतो. मोठ्यांची थट्टा जशीच्या तशी पोरांच्या हवाली केलेली. शिवाय टाइल ऑइलेनस्पीगलच्या खोड्या, संत निकोलस, मुळाक्षरं, जनावरं, कसबी कारागीर. जे खपेल ते.

सुधारकांना हे रुचणं शक्यच नव्हतं. 1784 मध्ये स्थापन झालेल्या ‘नट’ या लोकशिक्षण संस्थेने स्वतःचे ताव काढले. रेखाटन नेटकं, मजकूर सदाचाराचा. यानची धुणी मात्र त्यानंतरही छापली जातच राहिली. एक सेंट खर्चून उपदेश कोण विकत घेणार?

ॲमस्टरडॅममध्ये राइंडर्स, झाल्टबोमेलमध्ये नोमान ही या धंद्यातली जाणती नावं. पण मोठं केंद्र झालं ते आज बेल्जियममध्ये असलेलं टर्नहाउट. तिथे छापखाना आणणारा पीटर कोर्बेल्स फ्रेंच राजवटीविरुद्धच्या शेतकरी उठावात उतरला आणि 1799 मध्ये त्याला मृत्युदंड झाला. धंदा त्याचा मदतनीस ब्रेपोल्स याने पुढे नेला आणि चित्रांच्या तावांबरोबर पत्त्यांचे जोडही काढले. पत्त्यांसाठी टर्नहाउट आजही ओळखलं जातं. पुढे शिळाछाप आली, रंग नीट बसू लागले. विसाव्या शतकात स्वस्त चित्रपुस्तकं आणि चित्रकथांपुढे मात्र या तावांचा निभाव लागला नाही.

एमिल व्हान हर्क आणि बूकेनोखन या जोडीने 1910 मध्ये फ्लँडर्सच्या आणि 1930 मध्ये नेदरलँड्सच्या लोकचित्रांवर जाडजूड ग्रंथ लिहून या कागदांना अभ्यासाचा मान मिळवून दिला. काम सोपं नव्हतं, कारण बहुतेक तावांवर साल नसतंच. मग ठशाकडेच वळावं लागतं. लाकडाला पडलेली चीर किंवा वाळवीसारख्या किड्याने केलेलं भोक छपाईत पांढरं उमटतं. एकाच चित्राचे दोन ताव शेजारी ठेवायचे आणि भोकं मोजायची: ज्यावर जास्त, तो नंतरचा.